हळद लागली, वरात निघेना

हळद परदेशी पाठवायला काय काय लागतं, असं मला पूर्वी कुणी विचारलं असतं तर मी बेधडक 'हळद' असं सांगितलं असतं. आता नाही सांगणार. हळद त्या यादीत आहे, नाही असं नाही. पण ती बरीच खाली, धुरी दिल्याच्या दाखल्याच्या आसपास कुठंतरी येते. तिच्या वर पॅन, जीएसटी, आयईसी, एडी कोड, एलयूटी, मसाला मंडळाचं प्रमाणपत्र अशी सगळी मानाची पाव्हणेमंडळी लोडाला टेकून बसलेली असतात.

हे ज्ञान मला झालं ते माझ्या मेव्हण्यामुळे. 'पी हळद अन् हो गोरी' ही म्हण ज्यानं कुणी पहिल्यांदा वापरली, त्याच्या सासुरवाडीला असाच एक मेव्हणा असला पाहिजे. १४ जानेवारी २०२५ ला, ऐन संक्रांतीच्या दिवशी, राष्ट्रीय हळद मंडळाचं उद्घाटन झालं. मुख्यालय निजामाबादला. मेव्हण्यानं ती बातमी मोबाइलवर वाचली तेव्हा त्याच्या तोंडात तिळगूळ होता. तो गिळायच्या आतच तो माझ्याकडं वळला.

"दाजी, बोर्ड निजामाबादला आलं! म्हंजे आपल्या दारातच की. आता हळद मोंढ्यात न्यायची नाही. डायरेक हॅम्बुर्ग."

"हॅम्बुर्ग कुठं आहे, माहीत तरी आहे का?"

"जर्मनीत. ते त्यांना माहीत असलं म्हंजे झालं. आपल्याला कुठं जायचंय? हळद जाणार."

ह्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मी जिनिंगमध्ये हिशेब लिहून रिटायर झालेला माणूस. मला सरकारी इंग्रजी कळतं असा गावात एक समज आहे, आणि लोकांचे चांगले समज खोडून काढायची मला सवय नाही. तेव्हा 'कागदपत्रं दाजी बघतील' हे त्याच जागी ठरलं. ठरवलं बायकोनं.

आता आमच्या किनवटची एक अडचण आधीच सांगतो. किनवट नांदेड जिल्ह्यात असलं तरी नांदेडपेक्षा आम्हाला तेलंगणातलं आदिलाबाद जवळ. एका अंगाला पैनगंगा, तिच्या पलीकडं यवतमाळ जिल्हा, बाकी सगळीकडं सागाचं जंगल. ह्या जंगलातून एक रस्ता जातो, त्याचं काम कायम चालू असतं आणि रस्ता कायम बंद असतो. न्हावाशेवा बंदर इथून सातशे किलोमीटरच्या आसपास. गावात समुद्र पाहिलेले लोक आहेत, पण ते सहलीला गेले होते. माल घेऊन कुणी गेलेलं नाही.

सुरुवात मात्र फार सोपी झाली. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा सरकारी क्रमांक, पाचशे रुपये भरून घरबसल्या मिळाला. क्रमांक तरी कसला, आपला पॅनच. मेव्हणा इतका खूश झाला की त्यानं त्याच दिवशी व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली. फर्मच्या नावात 'ओव्हरसीज' घातलं. 'एक्स्पोर्टर' हा हुद्दा सोनेरी शाईत. मसाला मंडळाचं प्रमाणपत्र, बँकेचा एडी कोड वगैरे गोष्टी सेतू केंद्रातल्या पोरानं करून दिल्या. तो पोरगा काल-परवापर्यंत सातबारा काढून द्यायचा. आता त्यानं दुकानाबाहेर 'एक्स्पोर्ट-इम्पोर्ट कन्सल्टन्सी' अशी पाटी लावली आहे. सरकार दर वेळी म्हणतं, सगळं ऑनलाइन केलं, आता मधल्या माणसाची गरज नाही. आणि दर वेळी ते ऑनलाइन भरून द्यायला गावात एक नवा मधला माणूस तयार होतो. ह्या पोराचं लग्न त्याच पाटीवर जमलं.

पण खरा मधला माणूस अजून यायचा होता. दुसऱ्याचा माल कस्टममधून सोडवून द्यायचा धंदा करायचा तर एजंटाला परवाना लागतो. १९६२ च्या कस्टम्स कायद्याचं १४६ वं कलम तसं सांगतं. नवी मुंबईतले एक गृहस्थ आम्हाला कुणाच्या तरी ओळखीनं मिळाले. आयुष्य न्हावाशेव्यात गेलेलं. आवाजात कायमची एक धास्ती. 'हॅलो' असं म्हणायचे तेसुद्धा पुढं वाईट बातमी असल्यासारखं.

त्यांची धास्ती मला पुढं पुढं कळत गेली. एजंटांचे नियम १९८४ साली झाले. ते पाठ होतात तोवर २००४ ला नवे आले. ते पाठ होतात तोवर २०१३ ला आणखी नवे. त्यात ह्यांचं नावच बदललं; तोवर हे कस्टम हाऊस एजंट होते, ते एका सकाळी कस्टम्स ब्रोकर झाले. पाटी, लेटरहेड, शिक्के सगळं बदललं. बाजारात अजून सगळे त्यांना 'सीएचए'च म्हणतात, आणि घरीही. मग २०१८ ला पुन्हा नवे नियम, परवाना दहा वर्षांचा. २०२१ ला सरकारनं सांगितलं, दहा वर्षांची अट काढली, आता नूतनीकरण नको, परवाना कायमचा.

"मग बरं झालं की," मी म्हणालो.

"काय बरं झालं? आधी निदान घाबरायला एक तारीख होती."

परवाना मिळवायची परीक्षा हाही त्यांचा आवडता विषय. लेखी झाली की तोंडी. अभ्यासाला नुसता कस्टम कायदा नाही. १८८४ चा स्फोटकांचा कायदा, १९१४ चा पिकांवरच्या किडींचा कायदा, शस्त्रास्त्रांचा, कॉपीराइटचा, पेटंटचा, अमली पदार्थांचा. मी हे सगळं मेव्हण्याच्या पोरासमोर बोललो हे फार झालं. पोरगा बरीच वर्षं नांदेडला खोली करून एमपीएससी करतो. त्याचे डोळे चमकले. म्हणाला, "मामा, ह्याला वयाची वरची अट आहे का?" त्याला वर्षं काढायला नवी परीक्षा सापडली. सध्या तो किडींचा कायदा वाचतो.

सीएचएंचं सगळ्यात मोठं दुःख २०२० चं. त्या वर्षी आयातीच्या मालाला 'फेसलेस' तपासणी आली. माल उतरणार न्हावाशेव्याला, त्याचे कागद मात्र देशातल्या दुसऱ्याच कुठल्या तरी बंदरातला अधिकारी पडद्यावर तपासणार. तो कोण, हे ह्यांना कळणार नाही. हे कोण, ह्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ज्या माणसानं उभ्या हयातीत साहेब चष्मा पुसतोय म्हणजे आज फाइल पुढं करायची नाही एवढं शास्त्र कमावलं, त्याला एका सर्क्युलरनं आंधळं केलं. "आता प्रश्न स्क्रीनवर येतो," ते सांगत होते, "आणि साहेब चिडून विचारतोय की सहज विचारतोय हेच कळत नाही हो." आमचा माल निर्यातीचा, त्याला ह्याची बाधा नव्हती. पण मीही एका साहेबाच्या हाताखाली तीस वर्षं काढली आहेत. मला गलबलून आलं.

आणि मग तो नियम आला, ज्यानं आमच्या मेव्हण्याला काही काळ मृत ठरवलं.

२०१८ च्या नियमावलीत दहावा नियम ब्रोकरची कर्तव्यं सांगतो. त्याचं एक उपकलम असं, की गिऱ्हाइकाचा आयईसी, जीएसटी क्रमांक आणि ओळख तर तपासायचीच, शिवाय गिऱ्हाईक दिलेल्या पत्त्यावर खरोखर धंदा करतंय ह्याचीही खात्री करायची. ही खात्री भरवशाच्या कागदपत्रांवरून केली तरी चालते. पण आमचे सीएचए दुधानं तोंड पोळलेले. कुठल्या तरी जुन्या प्रकरणात त्यांच्या एका गिऱ्हाइकाच्या पत्त्यावर पंक्चरचं दुकान निघालं होतं, आणि त्याची उत्तरं देता देता ह्यांचे केस गेले होते. तेव्हापासून ते नव्या गिऱ्हाइकाकडं माणूस पाठवतात.

तो माणूस, म्हणजे त्यांच्या ऑफिसातला, कस्टमचं जी-कार्ड मिळालेला तरुण मुलगा, नंदीग्राम एक्सप्रेसनं सकाळी किनवटला उतरला. खांद्याला बॅग, हातात फाइल, पायात बूट. आता आमच्या भागात बूट घातलेला परका माणूस फाइल घेऊन एखाद्याचं पूर्ण नाव घेऊन चौकशी करायला लागला, की त्याचा एकच अर्थ होतो. फायनान्सवाला. ट्रॅक्टरचा हप्ता थकलाय.

पहिल्यांदा त्यानं स्टेशनबाहेर चहावाल्याला विचारलं. चहावाला मेव्हण्याचा वर्गमित्र. त्यानं फाइलकडं पाहिलं आणि मैत्रीला जागला. "तो होय? तो कवाच सोडून गेला गाव."

पुढं किराणा दुकान. "पुण्याला असतात पोराकडं. इकडं काय ठेवलंय?"

"पण इथं त्यांची ओव्हरसीज कंपनी आहे ना?"

"कंपनी?" दुकानदार एवढा हसला म्हणे, की मुलानं ते फाइलीत लिहून घेतलं.

शेवटी तो अगदी घरासमोर येऊन पोचला. शेजारचे काका ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी मुलाला खालून वर न्याहाळलं, दोन्ही हात जोडले, डोळे मिटले आणि सांगितलं, "गेले हो. मागच्या श्रावणात."

त्या वेळी मेव्हणा आतल्या खोलीत पंख्याखाली झोपलेला होता. त्याचं घोरणं ओट्यापर्यंत येत होतं. काका म्हणाले, "त्यांचे थोरले बंधू."

रात्री सीएचएंचा फोन. आवाज नेहमीपेक्षा खोल.

"तुम्ही... आहात का?"

"मी बोलूलालाव की सायेब!"

"बोलताय ते खरं. पण रिपोर्ट वेगळा आहे."

शेजाऱ्यांच्या प्रेमापुढं कायदा काय करणार? दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन काकांना समजावलं, की हे कर्ज नाही, हा धंदा आहे. काका म्हणाले, "आधी सांगायचं न् मग. मी तर दहाव्याचंही बोललो असतो." मग दुकानाचा फोटो पाठवायचं ठरलं: पाटी, पाटीवर जीएसटी नंबर, पाटीखाली मालक जिवंत. पेंटर आणला. पाटी ओली असतानाच फोटो काढला. फोटोत मालक, मालकाचे भाऊ, पेंटर, हळदीचं एक पोतं आणि कोपऱ्यातून डोकावणारी शेजाऱ्याची म्हैस. सीएचएंनी तो बराच वेळ झूम करून पाहिला असावा. उत्तर आलं: "फंक्शनिंग दिसतंय."

हा सगळा तमाशा समोरच्या ओट्यावरून आमच्या गल्लीतले सगळ्यात वयस्कर आजोबा बघत होते. त्यांना मजा वाटत होती. म्हणाले, "करोडगिरीवालेबी असंच इचारायचे. कोण तू, कुठला, गठुड्यात काय हाय."

नव्या पोरांना हे ठाऊक नसतं, पण ह्या भागाला कस्टमचं कौतुक नाही. निजामाच्या राज्याचं स्वतःचं कस्टम खातं होतं, त्याला करोडगिरी म्हणत. १८०२ साली ईस्ट इंडिया कंपनी आणि निजाम ह्यांच्यात तह झाला, त्यात मालावर पाच टक्के जकात ठरली. पैनगंगेच्या पलीकडं वऱ्हाड म्हणजे इंग्रजी अंमल, अलीकडं आम्ही म्हणजे निजामी. तेव्हा नदी ओलांडून भाच्याच्या मुंजीला कापड आणायचं तर ती आयात होती. मुक्तिसंग्रामात लोकांनी ठिकठिकाणी हे करोडगिरीचे नाके जाळले, ते उगाच नाही. आजोबा तेव्हा लहान पोर. त्यांच्या सांगण्यात त्यांची आजी धान्याच्या पोत्यात लुगडं लपवून आणायची, आणि नाकेदार पोत्यात हात घालायचा, पण तळापर्यंत नाही, कारण त्याचा एक लुगड्याचा हिस्सा आधीच पोचलेला असायचा.

मग १९५६ आलं. राज्य पुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातला किनवट तालुका आणि बोथ तालुक्यातला इस्लापूरचा भाग तिकडून काढून मुंबई राज्यात घातला. आम्ही जागचे हललो नाही. हद्द आमच्या ह्या अंगावरून त्या अंगाला गेली. पलीकडचे वऱ्हाडवाले आपले झाले आणि कालपर्यंत ज्या जिल्ह्यात होतो तो परका. नाके मात्र कुठं ना कुठं राहिलेच. विक्रीकराचे, जंगल खात्याचे, आरटीओचे. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला, राज्याराज्यांनी कराचे नाके उठवले, आणि नाका ट्रकचालकाच्या मोबाइलमध्ये येऊन बसला. त्याला ई-वे बिल म्हणतात.

ह्या ई-वे बिलाची पत्रिका जन्मापासूनच अशी. १ फेब्रुवारी २०१८ ला ते देशभर सुरू व्हायचं होतं. पहिल्याच दिवशी पोर्टल बसलं. मग १ एप्रिलपासून झालं. पन्नास हजारांवरचा माल हलवायचा तर बिल हवं, आणि बिलाला मुदत: आधी दर शंभर किलोमीटरला एक दिवस, २०२१ पासून दर दोनशे किलोमीटरला एक दिवस. हा हिशेब ज्यांनी केला ते कधी किनवटहून भोकरपर्यंत ट्रकच्या केबिनमध्ये बसून आलेले नाहीत, एवढं मी शपथेवर सांगू शकतो.

आमचा वीस फुटी कंटेनर ट्रेलरवर बसून गावात आला तो दिवस जत्रेचा झाला. शाळा सुटल्यासारखी पोरं धावत आली. काहींनी कंटेनरला हात लावून पाहिला, एकानं नमस्कार केला. मेव्हण्यानं नारळ फोडला; तो कंटेनरवर फोडायला सीएचएंनी फोनवरून सक्त मनाई केली, कारण पोचा आला तर शिपिंग लाइन बिल लावते. नारळ ट्रेलरच्या चाकापुढं फुटला.

पण निघायच्या आधी वजन. १ जुलै २०१६ पासून जगभर असा नियम आहे की, भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. चुकीची वजनं सांगून जहाजं धोक्यात आली होती, म्हणून हा नियम. आम्ही ट्रेलर काट्यावर नेला. काटेवाला कापसाच्या मोसमात मुरलेला. त्यानं ट्रेलर चढवून घेतला, मशीनकडं पाहिलंच नाही, मेव्हण्याकडं पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "किती दाखवू?"

"आहे तेवढं दाखव."

काटेवाला गोंधळला. त्यानं पुन्हा विचारलं, "म्हंजे, घ्यायचं वजन का द्यायचं?"

मी त्याला लंडनमधल्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेबद्दल सांगायला लागलो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि पावतीवर खरं वजन छापलं. माझी खात्री आहे, ते छापताना त्याचा हात थरथरला.

सील लावलं. साधं नाही, इलेक्ट्रॉनिक. २०१७ पासून कारखान्यातच आपला माल आपण सील करायचा, कस्टमचा माणूस यायला नको. सरकारनं निर्यातदारावर विश्वास टाकला, आणि विश्वासाच्या जोडीला एक चिपही दिली. सीलचा नंबर, कंटेनरचा नंबर, शिपिंग बिलाचा नंबर, गाडीचा नंबर, सगळं एकमेकांशी जुळवून अपलोड करायचं. मेव्हण्याच्या पोरानं ते केलं. किडींच्या कायद्याचा अभ्यास आहे, आता ते पोरगं कुठल्याच फॉर्मला भीत नाही.

आणि सगळे नंबर एकमेकांशी जुळल्यावर इस्लापूरच्या अलीकडं गाडीचा पाटा तुटला. पाटा तुटणं ह्यात नवल काही नाही. त्या रस्त्यावर आधी पाटा तुटतो आणि मग खड्डा दिसतो. पण आता दुसरी गाडी लावायची म्हणजे ई-वे बिलाचा भाग-ब बदलायचा, सीलवाल्या पोर्टलवर गाडी बदलायची आणि सीएचएंना कळवायचं. ह्या तिन्ही गोष्टींना रेंज लागते. ट्रेलर ज्या जागी बसला होता तिथं अस्वल दिसल्याची नोंद वन खात्याकडं असेल. रेंज दिसल्याची कुणाकडंच नाही. ड्रायव्हर केबिनच्या टपावर चढून, मोबाइल वर धरून, उजवीकडं जा, डावीकडं जा असं क्लीनरचं ऐकत होता. क्लीनर खाली उभा राहून ई-वे बिलाची मुदत मोजत होता.

बंदराच्या पुढचं काम फ्रेट फॉरवर्डरकडं. फॉरवर्डर म्हणजे वाशीतल्या एक तरुण बाई. बोलायला अत्यंत गोड, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक सरचार्ज. "सर, रेट आजचा आहे, उद्या बदलेल." उद्या का बदलेल? कारण २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रात येमेनमधून जहाजांवर हल्ले व्हायला लागले, म्हणून युरोपची बरीच जहाजं सुवेझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. मेव्हण्यानं ही बातमी मोंढ्यात अशी सांगितली, की जणू येमेनच्या लोकांचं आणि त्याचं काही जुनं वाकडं आहे. त्याच्या हळदीसाठी केप ऑफ गुड होपला वळसा, हे ऐकून त्याची पत गावात वाढली. भाडंही वाढलं, ते त्यानं सांगितलं नाही.

भाड्यावर पुन्हा जीएसटी. जहाजानं निर्यात होणाऱ्या मालाच्या भाड्याला २०१८ मध्ये सूट मिळाली होती, सप्टेंबरअखेरपर्यंतची. मग मुदत वाढली. मग पुन्हा वाढली. अशी ती दर वेळी सप्टेंबर टळून पुढं सरकत राहिली, आणि देशभरातले फॉरवर्डर गणपती उठले की मुदतवाढीच्या आरतीला उभे राहत. २०२२ च्या सप्टेंबरात ती वाढली नाही. बाई सांगत होत्या, त्या वर्षीचा ऑक्टोबर त्यांनी बिलं दुरुस्त करण्यात काढला. जहाजावरच्या मालाची यादी कस्टमला कशी कळवायची, ह्याचेही नवे नियम २०१८ मध्ये निघाले. त्यात फॉरवर्डरनंही नोंदणी करून आपापली माहिती भरायची. त्यांच्या पूर्ण अंमलबजावणीच्या मुदतवाढी पुढं वर्षानुवर्षं निघत राहिल्या. "सर, नियम झालेला असतो," बाई म्हणाल्या, "पण तो लागायचा असतो. आणि कधी लागेल सांगता येत नाही, म्हणून रोज लागल्यासारखंच वागायचं."

बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजवाल्यानं दिलेली मालाची पावती, तिचा आपल्याकडचा कायदा १८५६ चा होता. उठावाच्याही एक वर्ष आधीचा. तेवढा एक इतक्या वर्षांत कुणी फारसा हलवला नव्हता. मेव्हण्यानं निर्यातीत पाऊल टाकलं आणि २०२५ मध्ये संसदेनं तोही बदलला. मेव्हण्याला ह्यात दैवी संकेत दिसतो. सीएचएंनाही दिसतो, पण त्यांना तो वेगळा दिसतो.

एवढं सगळं होऊन पहिला कंटेनर हॅम्बुर्गला पोचला. खरंच पोचला. पैसेही आले. मेव्हण्यानं हिशेब केला तेव्हा असं दिसलं, की हीच हळद हिंगोलीच्या बाजारात उतरवली असती तर थोडे जास्त मिळाले असते आणि अंग कमी दुखलं असतं. पण हिंगोलीला हळद विकणाऱ्याला लग्नपत्रिकेत 'एक्स्पोर्टर' छापता येत नाही. पोरीचं लग्न काढलंय त्यानं. तेव्हा दुसरा कंटेनर ठरला.

दुसऱ्या कंटेनरचं शिपिंग बिल भरायला घेतलं आणि सीएचएंचा फोन आला. तेच 'हॅलो', तोच खोल आवाज.

"तुमचा आयईसी बंद पडलाय."

"का? काय बदललं आमचं?"

"काही बदललं नाही. तेच तर कळवायचं होतं."

मेव्हण्याला हे समजायला बराच वेळ लागला, आणि सरकारी इंग्रजी कळणारा म्हणून मीच ते समजावलं. फेब्रुवारी २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रत्येक आयईसीधारकानं दर वर्षी एप्रिल ते जून ह्या तीन महिन्यांत पोर्टलवर जाऊन आपली माहिती ताजी करायची असते. बदल असेल तर बदल. काहीच बदल नसेल, तर काहीच बदल नाही असं. हे फुकट होतं. न केलं तर क्रमांक निष्क्रिय. तो पुन्हा चालू करता येतो, जाऊन तेच सांगायचं: काही बदललं नाही. फक्त जून उलटल्यावर हे सांगायला दोनशे रुपये पडतात.

मेव्हण्यानं दोनशे रुपये भरले. पाचशेचा क्रमांक, सातशेला पडला. सेतू केंद्रातल्या पोरानं त्याच्या पाटीखाली एक नवी ओळ रंगवून घेतली आहे: 'येथे आयईसी चालू करून मिळेल.' गर्दी असते.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरात, भाऊबंदांत, सासुरवाडीला कुणी हौसेनं आयईसी काढून ठेवला असेल, आणि असतोच कुणीतरी, तर त्याला ३० जूनच्या आत आठवण करा. हळद नंतर बघता येईल.